मागच्या सीटची डावी बाजू

१

पिरंगुट सोडून पौडकडे निघालात की उजव्या हाताला निळ्या शटरची पत्र्याची शेड लागते, ती माझी. गाड्यांच्या जुन्या लेदर सीटा साफ करायच्या आणि पुन्हा नव्यासारख्या करून द्यायच्या, हे माझं काम. शेडच्या मागे घर. घरात मी, माझी बायको आसमा आणि अब्बा.

अब्बांचं, म्हणजे अल्लाबक्ष पिंजाऱ्यांचं, सगळं आयुष्य पौडच्या बाजारात कापूस पिंजण्यात आणि गाद्या भरण्यात गेलं. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. तरी रोज सकाळी दहाला भिंतीला हात लावत लावत शेडमध्ये येतात, स्टुलावर बसतात आणि मी काय करतोय ते वासावरून ओळखतात. "आज क्रीम लावतुयास," म्हणतात. नाहीतर, "रंग लई पातळ केलास की रं." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं आणि मला ते कबूल करायचं नसतं.

सीट साफ करायची माझी एक रीत आहे. आधी शिवणीत बसलेली माती काढायची. मग फेस करून मऊ ब्रशनं गोल गोल फिरवायचं आणि फडक्यानं टिपून घ्यायचं. फडकं काळं होतं. तो काळपटपणा रस्त्याचा नसतो, माणसांचा असतो. घाम, डोक्याचं तेल, हाताचा मळ. त्यानंतर तडे भरायचे, घासून सपाट करायचे आणि रंगाचे पातळ हात द्यायचे. या कामात माणसं न भेटताच कळतात. कोण मागच्या खिशात पाकीट ठेवतं, कोण मांडी घालून बसतं, कुणाचं मूल सीटवर उभं राहतं, सगळं सीट सांगते.

जानेवारीतल्या एका सोमवारी शुभांगी ढमाले गाडी घेऊन आल्या. चाळिशीच्या, हिंजवडीत नोकरी, बावधनला एकट्या राहतात. मूळच्या आमच्याच तालुक्यातल्या, त्यामुळे दोन वाक्यं शहरातली बोलल्या की तिसरं गावाकडचं यायचं.

"नौशादभाऊ, शनिवारी गाडी बघायला गिऱ्हाईक यायचंय. सीटा तेवढ्या नीट करून द्या," त्या म्हणाल्या. "मी मार्चमध्ये बंगलोरला चाललेय. गाडी नेऊन काय करू?"

त्या रिक्षानं गेल्यावर मी चारही दारं उघडली. ड्रायव्हरची सीट जरा झिजलेली होती, रोजच्या वापरानं झिजते तेवढीच. तिच्या शेजारची जवळजवळ नवी. मागच्या लांब सीटची उजवी बाजू धूळ सोडली तर कोरी. डावी बाजू मात्र पार बसलेली होती. मधोमध खळगा, खळग्यात बारीक तडे, रंग उडून कातड्याला तुकतुकी आलेली. वीस वर्षं चाललेल्या टॅक्सीतच अशी सीट मी पाहिली होती.

जुनी गाडी घेतली असणार, मी म्हटलं. आधीच्या मालकाची आई बसत असेल मागे. कामाला लागलो.

२

मागची सीट काढायला दोन क्लिपा सोडवाव्या लागतात. ती उचलून टेबलावर पालथी घातली आणि कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची गाठ दिसली.

ती गाठ माझी. अब्बा प्रत्येक गादीच्या एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची गाठ मारायचे. काम आपल्या हातचं आहे एवढं आपल्यालाच कळावं म्हणून. तीच सवय मी उचलली. म्हणजे ही सीट मी आधी केलेली होती.

मोबाइलमध्ये जुने फोटो शोधले. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्यानं पाठवलेली चंदेरी गाडी, नंबर हाच. मागची सीट पूर्ण नवीन फोम घालून मी स्वतः भरली होती. फोटोत ती टेबलासारखी सपाट होती.

शुभांगीताईंना फोन लावला.

"ताई, गाडी कधी घेतली तुम्ही?"

"दोन वर्षं झाली. त्याच महिन्यात सीटा केल्यात म्हणाला होता तो. का हो?"

"मागं कोण बसतं?"

"कुणी नाही. मी एकटीच असते. बॅगसुद्धा पुढंच ठेवते."

"मागं कधीच कुणी नाही?"

"नाही," म्हणाल्या. "मीटिंग आहे, ठेवते."

मी फोन खिशात टाकला आणि स्वतःची समजूत घातली. गाडी उन्हात उभी राहत असेल, डाव्या खिडकीतून दुपारचं ऊन येत असेल. उन्हानं लेदर तडकतं, रंग उडतो. खरं आहे. पण ऊन फोम दाबत नाही. मग फोम वाईट निघाला असेल. तोही निघतो कधीकधी. पण उजव्या आणि डाव्या बाजूचा फोम मी एकाच तुकड्यातून कापला होता. एक अर्धा टणक आणि दुसरा अर्धा भाकरीसारखा चेपलेला, हे काही मला उमजेना.

३

अब्बांच्या हातावर माझा माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा आहे. पूर्वी कुणी जुनी गादी पिंजायला आणली की ते आधी तळवे फिरवायचे आणि विचारायचे, "घरात डाव्या कुशीवर कोण झोपतं? त्याला छातीचं दुखणं हाय का?" लोक चमकायचे.

सीट सरळ करून मी त्यांना टेबलाजवळ आणलं. "अब्बा, जरा हात लावा. कोण बसत असेल, सांगा."

त्यांनी दोन्ही तळवे खळग्यावर ठेवले आणि कडेपर्यंत फिरवले.

"बाई हाय," म्हणाले. "वयाची. अंगात मांस न्हाई तिच्या. उजवीकडं भार टाकून बसतीया. डावा गुडघा वळत न्हाई, पाय लांब सोडती." मग पाठीकडचा भाग चाचपला. तो कोराच होता. "टेकत न्हाई बघ. सारखी फुडं वाकल्याली."

"पुढं वाकून काय करते?"

"कशाला तरी धरत आसंल. गाडीत ने मला."

सीट परत जागेवर ठेवून मी त्यांना गाडीत मागे बसवलं. डावी जागा सोडून ते उजवीकडे बसले, आणि त्या जागेवरून हात तिरका पुढे नेला तर कुठे पोचतो ते अंदाजानं दाखवलं. हात ड्रायव्हरच्या सीटच्या खांद्यावर आला, डाव्या कोपऱ्यावर. त्या जागी काळपट डाग होता. सकाळी मला तो नुसता मळ वाटला होता. आता नीट पाहिलं. पुढून चार बोटं, मागून अंगठा.

अब्बांनी डागावर बोट घासून नाकाजवळ नेलं.

"मशेरी," ते म्हणाले. "मशेरी लावणाऱ्या बाईचा हात हाय."

मला तर क्लीनरशिवाय कशाचाच वास येत नव्हता. मी म्हटलं, "अब्बा, आधीच्या मालकाची कुणी असेल."

"आसंल की," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीतून उतरले. उतरताना दार लावू दिलं नाही. "ऱ्हाऊ दे उघडं. कोंडल्यागत होतं."

४

मंगळवारी मी जुना फोम कापून काढला आणि जास्त दाट फोम घातला. तडे भरले, रंग दिला, डाग दोनदा धुतला. संध्याकाळी सीट गाडीत बसवली तेव्हा ती फोटोतल्यापेक्षा चांगली दिसत होती. शेडला कुलूप लावून मी जेवायला गेलो.

बुधवारी सकाळी शटर वर केलं, उजेड थेट मागच्या सीटवर पडला. खळगा होता. पहिल्याइतका खोल नव्हता. कुणीतरी तासभर बसून नुकतंच उठावं एवढा. ड्रायव्हरच्या सीटच्या खांद्यावर चार बोटं परत उमटली होती.

बोटांचं कारण मला ठाऊक होतं. लेदरमध्ये मुरलेलं तेल साफ केल्यावरही आतून वर येतं, कधीकधी तीन तीनदा धुवावं लागतं. खळग्याचं कारण म्हणून मी स्वतःला सांगितलं की फोम नीट चिकटला नाही. सीट काढली. फोम उत्तम चिकटला होता. तरी उचकटून पुन्हा चिकटवला.

घरात आसमाला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"कुणी बसत आसंल तर बसू द्या की," ती म्हणाली. "तुमचं काय मोडतंय?"

"अगं, पण बसणार कोण? शेडला कुलूप होतं."

"मग चोर तर न्हाई ना? झालं तर."

दुपारी पलीकडे खडीचे ट्रक जात होते. धूळ रंगावर बसू नये म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसून स्टिअरिंगचं लेदर शिवायला घेतलं. आरसा पुसताना वर छताकडे फिरवला होता, तो तसाच होता. शेडमध्ये पंख्याचा आवाज, बाहेर ट्रक. अब्बा स्टुलावर पेंगत होते.

माणूस लेदर सीटवर बसतो तेव्हा दोन आवाज येतात. आधी फोममधली हवा सुटते, दबका सुस्कारा टाकल्यासारखी. मग कातडं ताणल्याची बारीक करकर. मी हे आवाज हजारदा ऐकलेत. दोन्ही माझ्या मागून आले. थोड्या वेळानं करकर पुन्हा आली, सरकून नीट बसल्यासारखी.

सुई माझ्या हातात तशीच राहिली. मी मनाशी म्हटलं, फोम नवा आहे, ऊन वाढलंय, हवा प्रसरण पावते. शाळेत शिकलोय. मग माझ्या सीटचा डावा खांदा मागे ओढला गेला. जोरात नाही. एखादी म्हातारी गाडी सुटायच्या आधी आधार धरते, तसा. सीटच्या आतली स्प्रिंग माझ्या पाठीला लागली.

हात वर करून आरसा फिरवायचा, एवढंच करायचं होतं. मी केलं नाही. पुढचा टाका घातला, मग त्याच्या पुढचा. टाके सरळ पडत होते, याचंच मला नवल वाटत होतं. घाबरलेल्या माणसाचे टाके वाकडे पडतात. माझ्या मानेवरचे केस उभे होते आणि हात मात्र शांत होते. कुणीतरी काळजीनं बघतंय आणि आपण काम नीट करावं, असं काहीसं वाटत होतं.

अब्बा जागे झाले. "आसमा," त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "च्या आण. तीन कप आण गं."

आसमा चहा पीत नाही. हे अब्बांना तीस वर्षं ठाऊक आहे.

५

गुरुवारी मी सीटला हात लावला नाही. दार उघडं ठेवून लांबूनच इतर कामं केली. शुक्रवारी सकाळी शुभांगीताई आल्या. मी त्यांना खळगा दाखवला, जुने फोटो दाखवले आणि घडलं ते जसं जमेल तसं सांगितलं. तोंडातून निघताना मलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं.

त्यांचा चेहरा कडक झाला. "भाऊ, काम झालं नाही तर तसं सांगा. दुसरीकडे नेते मी. पण असल्या गोष्टी सांगू नका."

"पोरी," अब्बा स्टुलावरून म्हणाले, "तुझ्या घरात मशेरी कोण लावायचं?"

शुभांगीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शटरच्या पायरीवर बसल्या.

"आई. चंद्राबाई नाव तिचं. डावा गुडघा गेला होता. जिना उतरायचा तर पाय लांब टाकून उतरायची." त्या गाडीकडे बघत नव्हत्या. "तिचं माहेर करंजटेपला. धरणाच्या कडेनं पार पलीकडं. एसटी बदलून जायचं, मग चालायचं. गुडघा गेला तसं तिचं जाणं बंद झालं. मी तिला म्हणायची, थांब, गाडी घेते आणि तुला माहेरच्या वाटंवर नेऊन उतरवते. गाडीचं बुकिंग झालं आणि ती गेली. दहाव्यानंतर गाडी मिळाली."

आसमा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती तशीच दाराशी उभी राहिली.

"चावी घेतली तेव्हा मी आधी मागचं दार उघडलं," शुभांगीताई म्हणाल्या. "डावीकडचं. पुढं बसायला ती भ्यायची. समोरून गाडी अंगावर येते म्हणायची. दार उघडलं नि म्हटलं, आई, बस. मनाचं समाधान, दुसरं काय. मग रोज बोलायला लागले तिच्याशी. हिंजवडीच्या चौकात तास तास गाडी हलत नाही, तेव्हा ऑफिसमधलं सगळं सांगायची. कधी डुलकी लागायला आली की..." त्यांनी हात स्वतःच्या डाव्या खांद्यावर नेला. "मला वाटायचं, सीट सैल झालीय."

"दोन वर्सात करंजटेपला गेलीस का?" अब्बांनी विचारलं.

"नाही. रविवार मिळायचा, त्यात धुणं, सामान... राहूनच गेलं, चाचा."

"तू बस म्हणालीस," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी नव्हे इतका मऊ ऐकला. "उतर कवा म्हणालीस?"

पंखा फिरत होता. मला एवढंच कळत होतं की उद्या गिऱ्हाईक येईल, गाडी कुठल्या तरी अनोळखी गावी जाईल आणि मागे कुणी बसलंय हे त्या लोकांना कधी कळणारही नाही.

शुभांगीताईंनी पदराला पुसावेत तसे ओढणीला हात पुसले आणि उठल्या. "भाऊ, तुम्ही चालवाल का? करंजटेपपर्यंत मला जमायचं नाही."

"अब्बा, येताय?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तिघं पुरं."

६

शुभांगीताई पुढे बसायला निघाल्या होत्या. दाराला हात लावून थांबल्या, आणि मागे जाऊन उजवीकडे बसल्या. "या गाडीत मागं मी कधी बसलेच नाही," म्हणाल्या. मी आरसा सरळ केला. गाडी चालवायची तर आरसा लागतोच.

पौड गेलं, माले गेलं. पुढे धरणाचं पाणी डाव्या हाताला लागलं. सकाळचे अकरा वाजले असतील, स्वच्छ ऊन होतं. रस्त्यावर कुठे कुठे खडी टाकून ठेवलेली. पहिल्या गतिरोधकावर मागून सुस्कारा आला, दोन ठिकाणांहून. एक उजवीकडून, एक डावीकडून. मी रेडिओ लावावा का असा विचार केला. मग वाटलं, बरं दिसणार नाही.

शुभांगीताई आधी खिडकीतून बघत होत्या. मग हळू आवाजात बोलायला लागल्या, माझ्याशी नाही. बंगलोरची नोकरी, तिथली खोली, मार्चमध्ये निघायचं. कधी निघायचं, काय न्यायचं, कुणाला काय द्यायचं. बोलता बोलता आवाज तुटक झाला आणि थांबला.

मी आरशात पाहिलं. त्या झोपल्या होत्या. दोन वर्षांची झोप असावी तशा. डोकं डावीकडे कललं होतं.

झोपलेल्या माणसाचं डोकं कलतं ते छातीवर तरी येतं किंवा सीटला तरी टेकतं. त्यांचं डोकं मधेच थांबलं होतं. सीटपासून वीतभर पुढे, बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर. खाली काही नव्हतं. पलीकडे रिकामी सीट, खिडकी आणि खिडकीत धरणाचं पाणी.

मी रस्त्याकडे बघितलं. समोर खड्डा होता, चुकवता आला नाही. माझी मान हिसकली, डॅशबोर्डवरची डबी खाली पडली. आरशात त्यांचं डोकं नुसतं हललं, कुणीतरी धक्का स्वतःच्या अंगावर घ्यावा तसं. त्यांच्या गालावर केसांची एक बट आली होती. काचा बंद होत्या. ती बट हळूच वर उचलली गेली आणि कानामागे गेली.

त्यानंतर करंजटेप येईपर्यंत मी आरशात पाहिलं नाही. भीती वाटत होती, खोटं का बोलू. पण गाडी मी सावकाश चालवली, एकही खड्डा चुकवायचा ठेवला नाही. मागे झोपलेलं माणूस आहे, एवढं तर मला कळत होतं.

७

पुढचं आधी सांगून टाकतो. गाडी शनिवारी गेली. मागची सीट सपाट होती आणि सपाटच राहिली. ज्यांनी घेतली त्यांची दोन मुलं मागे दंगा करतात, सीटवर बिस्किटं सांडतात. मी दोनदा साफ करून दिली आहे. शुभांगीताई बंगलोरहून ईदला अब्बांना फोन करतात आणि दोघं बराच वेळ बोलतात. काय बोलतात ते अब्बा सांगत नाहीत.

त्या दिवशी करंजटेपला डांबरी रस्ता एका उतारावर संपला. तिथून पायवाट खाली जाते. दोनशे-अडीचशे पावलांवर चार-पाच घरं, त्यांच्या पलीकडे पाणी. वाटेवर शेळ्या बसल्या होत्या, रवंथ करत. माणूस कुणी दिसत नव्हतं.

शुभांगीताई अजून झोपेतच होत्या. मी उतरलो, गाडीला वळसा घालून डावीकडे आलो आणि मागचं दार उघडलं. सीटमध्ये खळगा होता, त्याच्या कडेला लेदरला बारीक सुरकुत्या पडलेल्या. काय म्हणावं मला सुचेना. कुणाच्याही आईला म्हणालो असतो तेच म्हणालो.

"आलं बघा गाव. उतरा सावकाश."

आणि दार धरून उभा राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. पाण्यावरून वारा येत होता. मग फोमनं आत हवा ओढून घेतल्याचा आवाज आला आणि खळगा हळूहळू वर येत भरून निघाला. सुरकुत्या एकेक करून सपाट झाल्या. मी दोन पावलं मागे सरकलो. वाट द्यायला माणूस सरकतं तसाच.

शुभांगीताईंचं डोकं एकदम कललं आणि त्या जाग्या झाल्या. शेजारच्या जागेवर हात फिरवला. मग उतरल्या आणि माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

वाटेवरची पहिली शेळी उठली आणि बांधावर चढून उभी राहिली. मग तिच्यामागची उठली. मग दोन एकदम, एक इकडे, एक तिकडे. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. उठलेली प्रत्येक शेळी मान वळवून वाटेच्या मध्यावर एकाच जागी बघत होती, आणि ती जागा खाली खाली सरकत होती. फार हळू. मधेच थांबत, पुन्हा निघत.

"दमानं जा गं," शुभांगीताई म्हणाल्या. एवढंच. त्यांचा आवाज घरातल्यासारखा होता.

खालच्या पहिल्या घराचं दार उघडलं. नऊवारी लुगड्यातली एक म्हातारी दारात आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात काहीतरी. उंबऱ्यापाशी येऊन तिनं हात समोर गोल फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि हातातलं बाजूला टाकलं. लेक माहेरी आली की भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तसं. मग तांब्यातलं पाणी खाली ओतलं, कुणाचे तरी पाय धुवावेत तसं, आणि दारातून आत यायला जागा करून दिली. तिच्यासमोर अंगणात कुणीही नव्हतं. म्हातारी आत गेली. दार लागलं.

मी विचारलं, "कोण त्या?"

शुभांगीताई त्या दाराकडे टक लावून बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"मामाचं घर ते," त्या म्हणाल्या. "मामी वारल्यापास्नं कुलूप हाय त्याला. पाच वर्सं झाली."

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. शेळ्या परत वाटेवर येऊन बसायला लागल्या होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं हुतं, तिला घ्यायला कुणी नसंल."